हाक मारायचं नाव

१

‘प्रिय घासाघीस काकू,
तुमचे डोळे आमच्या लक्षात आहेत. वर्ष झालं. एकदा येऊन तपासून घ्या.’

मंगळवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी एका चष्म्याच्या दुकानातून हा मेल निघाला. तो एकट्या काकूंना गेला असता तर एक वेळ पेढ्यासारखं गिळून टाकता आलं असतं. पण तो दोनशे चौदा ग्राहकांना गेला. कुणी ‘प्रिय टकले काका’ होते, कुणी ‘प्रिय दोनदा विचारणारे’. एका निवृत्त न्यायाधीशांना ‘प्रिय जाड भिंग’ असं संबोधलं होतं. दुपारपर्यंत दुकानातला फोन वाजून वाजून गरम झाला.

मी त्या दुकानाची कोणी नाही. मी छोट्या धंद्यांना सॉफ्टवेअर निवडून देते. ग्राहकांना मेल पाठवायचे, कोणी उघडला आणि कोणी नाही ते पाहायचं, रुसलेल्यांना परत बोलवायचं, या कामाची सॉफ्टवेअर्स आता पैशाला पासरी झाली आहेत. त्यातलं कोणतं घ्यावं हे मालकांना कळत नाही. मग मी दोन-तीन समोरासमोर उभी करते, चौदा दिवस चालवून बघते आणि बरोबर-चूक खुणांचा तक्ता करून देते. माझ्या तक्त्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे.

या दुकानात दोघांची कुस्ती लावली होती. खिडकीच्या रंगावरून आम्ही त्यांना हिरवं आणि निळं म्हणायचो. ग्राहकांची यादी अर्धी अर्धी वाटली, मजकूर एकच ठेवला. मंगळवारी मालकांनी सगळ्यांसमोर दोन्हीकडची बटणं स्वतः दाबली, आम्ही टाळ्याही वाजवल्या. निळ्याकडून गेलेले मेल नावानिशी नीट पोचले. टोपणनावं गेली ती फक्त हिरव्याकडून.

शुक्रवारी सकाळी मालकांचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही या. हे कोणी केलं ते मला हवंय. संध्याकाळी सहाला मी त्या माणसाला घरी पाठवणार आहे.”

“कोणावर संशय आहे तुमचा?”

“संशय कसला? यादी आमच्या नोंदवालीनं केली. नऊ वर्षं विश्वास टाकला तिच्यावर. पण तुमच्या तोंडून ऐकलं की मग मला बोलायला बरं.”

म्हणजे निकाल ठरला होता, मला फक्त सही करायची होती. मी निघताना माझा सोमवारचा अहवाल पिशवीत टाकला. त्यात मी ऐटीत लिहिलं होतं:

‘हिरवं: काही न विचारता सर्व रकाने आपोआप ओळखले. उत्तम. निळं: सुरुवातीलाच प्रदेश, वेळ वगैरे उगाच चौकशा, एक रकाना ओळखता आला नाही म्हणून बाजूला ठेवला. सुमार. सकाळी नमुना मेल तपासण्यात आला, नावे योग्य. रिकामा रकाना भरून घेण्यात आला. दुपारी पूर्ण यादी चढवण्यात आली.’

सकाळी नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला होता. नावं बरोबर होती. म्हणजे त्यानंतर कोणीतरी यादीत हात घातला होता, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं.

२

आधी ही टोपणनावं आली कुठून ते बघू. दुकानात पुढे काउंटर, मागे काचा घासायची खोली, आणि मध्ये हातभर खिडकी. चष्मा तयार झाला की मागून आवाज येतो, “हा कुणाचा?” एकाच नावाची चार-चार माणसं. मग काउंटरवाले ओळखीची खूण सांगतात, “कुत्रावाले!” किंवा “हळू बोलणाऱ्या!” या खुणेला दुकानात ‘हाक’ म्हणतात. काउंटरखालच्या जाड वहीत शेवटचा रकाना हाकेचा. ज्याने ग्राहक हाताळला त्याने तो भरायचा. ही वही कधी काउंटरच्या वर येत नाही, आणि ग्राहकासमोर ती उघडायची नाही हा नियम न लिहिता सगळे पाळतात.

मी हिरवं उघडलं. फुकटच्या चाचणीत ते फक्त शेवटच्या दोन नोंदी दाखवतं. पहिली होती, ‘रकाने मंजूर: सोमवार, १.२०’. दुसरी ओळ पाठवल्याची होती. ते तर टाळ्यांच्या गजरात झालं होतं, म्हणून ती मी वाचलीही नाही.

सोमवारी एक वीस. एक ते दोन दुकान बंद असतं. मी तेव्हा पलीकडच्या गल्लीत जेवत होते, मालक घरी. आत कोण होतं?

“मी होते, ताई,” नोंदवाली म्हणाली. “मी रोज इथेच डबा खाते.”

तिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, बोटांवर शाईचे डाग. तीन दिवसांत तिला निदान शंभर लोकांनी फोनवर झाडलं होतं. तिचा आवाज बसला होता.

“हाकेचा रकाना यादीत कोणी घातला?”

“मी.”

इतक्या चटकन हो येईल असं मला वाटलं नव्हतं.

“का?”

“सांगितलं होतं तसं करून दिलं.”

“हिरवं तू उघडलंस का?”

“नाही ताई. मला त्याचा पासवर्डसुद्धा माहीत नाही.”

पासवर्ड संगणकाच्या पडद्याखाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. मी त्याकडे नुसतं बघितलं. तिनेही बघितलं.

‘सांगितलं होतं.’ मला वाटलं, ही आता मालकांवर ढकलतेय. काम अंगाशी आलं की माणसं अशीच बोलतात, मी पन्नास दुकानांत ऐकलंय. मी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मोठ्या बहिणीच्या थाटात तिला म्हणाले, “हे बघ, चूक सगळ्यांची होते. तू सरळ मान्य करून टाक. मी मालकांना समजावते. निदान वाईट शेरा न मारता सोडतील. नाहीतर या रस्त्यावर एक दुकान तुला काउंटरवर उभं करणार नाही.”

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही. एखादा ग्राहक चुकीच्या काचेतून वाचायला लागला की ती जशी थांबून बघते, तशी.

“विचार करते, ताई,” ती म्हणाली.

हे लिहिताना माझे कान तापतात. पण झालं ते असं झालं.

३

मी तेवढ्यावर उठले असते, पण मालकांचे जावई आडवे आले. जावईबापू दुकानात काय काम करतात हे कोणी नीट सांगू शकत नाही. तरी ते असतात, आणि प्रत्येक गोष्टीत असतात.

“मॅडम, निळंच घ्यायचं ना आता?” ते हसून म्हणाले. “मी आधीपासून सांगत होतो.”

“निळं विकणारा तुमचा मित्र आहे म्हणे.”

त्यांचं हसू गळालं. “कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. पहिल्या दिवशी. तीनदा.”

“हो, पण म्हणून मी हिरव्यात घाण करीन? माझे स्वतःचे सासरे तोंडघशी पडले यात!”

“सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होतात?”

ते चुळबुळले. मग कबूल झाले. चार्जर विसरला होता म्हणून सव्वा वाजता ते मागच्या दाराने आत आले होते. दहाएक मिनिटं होते.

एक वीसला! माझी पेन्सिल थांबली.

“म्हणजे संगणकापाशी?”

“संगणकाला कोण हात लावतंय? ती बसली होती ना पहाऱ्याला. जेवायला बसली की ती संगणकावर कापड टाकते, काचेची धूळ जाऊ नये म्हणून. कापड होतं, त्यावर तिच्या मुलीची वही होती, आणि ती गणितं तपासत होती. मला बघून म्हणाली, दार लावून घ्या. डोळे तपासायच्या खोलीत मास्तर घोरत होते.”

“घोरणं ऐकलंत?”

“रस्त्यावर ऐकू जातं, मॅडम.”

मी चिडले. खरं सांगायचं तर तिच्यावरचा माझा निकाल मोडतोय म्हणून चिडले. जावई स्वतःला वाचवत असते तर त्यांनी तिच्यावर ढकललं असतं, ते सोपं होतं. पण ते अजाणता तिलाच सोडवून गेले. एक वीसला संगणकावर कापड होतं, कापडावर वही होती, आणि त्याच एक वीसला त्याच संगणकावरून कोणीतरी रकाने मंजूर केले होते. दोन्ही खरं कसं असेल?

तेवढ्यात मागून आवाज आला. “बाई, जरा आत येता? दार लावून बोलायचंय.”

तपासणीच्या खोलीच्या दारात मास्तर उभे होते.

४

डोळे तपासणाऱ्यांना इथे मास्तर म्हणतात, कारण तिशी उलटलेल्या माणसांकडून ते अक्षरं वाचून घेतात. साठीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. खोलीत अंधार, समोर उजेडाचा तक्ता. मला त्यांनी ग्राहकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

“त्या दोनशे चौदांमध्ये एक शाळेच्या बसचे चालक आहेत. तुम्ही ऐकलं असेल.”

ऐकलं होतं. दुकानाला खरा धक्का त्यांचाच बसला होता. त्यांना स्वतःचा मेल नाही, म्हणून नोंदवहीत शाळेच्या कार्यालयाचा पत्ता होता. मेल तिथल्या कारकुनाने उघडला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, ‘प्रिय पाठांतर’. मग हसत विचारलं, “काय हो, पाठांतर कसलं?” चालकांचा चेहरा पडला. शाळेला शंका आली. दुसरीकडे नेऊन डोळे तपासले, आणि त्याच दिवशी त्यांना बसवरून उतरवलं. गुरुवारी ते दुकानात येऊन मेलचा छापील कागद काउंटरवर ठेवून गेले होते. 

“ती हाक मी लिहिली,” मास्तर म्हणाले. “वहीत बघा, माझं अक्षर आहे. बाकी हाका तोंडावळ्याच्या असतात. ही एकटी या खोलीतली आहे. ते दोन वर्षांपूर्वी प्रमाणपत्रासाठी आले. तक्ता घडाघडा वाचला. फार घडाघडा. मी एक ओळ झाकली, तर झाकलेली ओळही त्यांनी वाचली.”

मला हसू आलं आणि तिथल्या तिथे विरलं.

“मग तुम्ही प्रमाणपत्र दिलं नाहीत ना?”

मास्तर तक्त्याकडे बघत राहिले.

“ते म्हणाले, निवृत्तीला तीन वर्षं राहिली. म्हणाले, रस्ता पायाखालचा आहे, मुलं आवाजावरून ओळखतो. मी सही केली. आणि वर वहीत गंमत म्हणून हाक लिहिली. गंमत! तेव्हापासून रोज शाळा सुटायच्या वेळी मी पुढच्या खिडकीत उभा असतो. बस गेली की मग चहा घेतो. या लोकांना वाटतं मला रहदारी बघायला आवडते.”

“म्हणजे मेलमध्ये हाक तुम्ही...”

“मी? बाई, ती वही जाळायला मिळाली असती तर मी जाळली असती. ती हाक कोणाच्या डोळ्यांना दिसू नये असं वाटणारा या दुकानात माझ्याइतका दुसरा कोणी नाही.”

ते खरं होतं. त्यांचा अपराध मोठा होता, पण मी शोधत होते तो नव्हता.

“मग मला का सांगितलंत?”

“कारण सहा वाजता त्या पोरीला घालवणार आहेत. निदान त्या एका शब्दाचा भार तरी तिच्यावर नको. सहाला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. चालकांनाही मालकांनी बोलावलंय.”

मी घड्याळात बघितलं. साडेचार झाले होते, आणि माझ्याकडे सांगायला नाव नव्हतं.

५

मी चालकांनी ठेवलेला कागद मागून घेतला. चार घड्या पडलेला. वर मजकूर, ‘प्रिय पाठांतर’, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मेल पोचल्याची वेळ, मंगळवार, ११.०५.

बरोबर. तेव्हाच मालकांनी बटण दाबलं होतं.

कशासाठी कोण जाणे, मी हिरव्याची ती दुसरी ओळ वाचली, जी मी सकाळी वाचली नव्हती. ‘पाठवले: मंगळवार, ७.३५’.

सात पस्तीस? दुकान दहाला उघडतं. तेव्हा शटर खाली होतं. आणि आम्ही सगळ्यांनी अकरा पाचला टाळ्या वाजवल्या होत्या.

कोणाचा तरी डाव असावा अशा मोठमोठ्या कल्पना मी दोन मिनिटं केल्या. मग साधी गोष्ट कळली. हिरव्याचं घड्याळ इथलं नव्हतंच. ते जिथे बनतं तिथली वेळ ते दाखवत होतं, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. निळ्याने सुरुवातीलाच विचारलं होतं, तुमचा प्रदेश कोणता, वेळ कोणती. त्या विचारण्याला मी ‘उगाच चौकशा’ म्हणून सुमार ठरवलं होतं.

मग सोमवारचं एक वीस म्हणजे किती?

चार पन्नास.

 जेवणाच्या सुट्टीचा, कापडाचा, घोरण्याचा काही संबंधच उरला नाही. चार पन्नासला दुकान भरलेलं होतं. नोंदवाली काउंटरवर, मास्तर खोलीत, जावई गावभर. आणि संगणकापुढे एकटी मी होते. शेजारी चहाचा कप होता, हे सुद्धा आठवलं.

मी पिशवीतून अहवाल काढला. ‘दुपारी पूर्ण यादी चढवण्यात आली.’ कोणी चढवली? मी. माझ्या त्या चार पन्नासच्या बटणाची वेगळी नोंद हिरव्यात असायला हवी होती आणि ती नव्हती, हे सकाळीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नव्हती, कारण एक वीस म्हणून दिसत होतं तेच माझं बटण होतं. ‘सर्व रकाने ओळखले आहेत. ठीक?’ असं त्याने विचारलं होतं, आणि मी न बघता ‘ठीक’ दाबून चहाचा घोट घेतला होता. वर त्याला ‘उत्तम’ लिहिलं होतं. निळ्याने जो रकाना ओळखता येत नाही म्हणून बाजूला ठेवला, तो हाच होता. त्याने न कळलेल्या गोष्टीला हात लावला नाही, म्हणून मी त्याला चूक खूण दिली होती.

आणि अहवालातलं त्याआधीचं वाक्य. ‘रिकामा रकाना भरून घेण्यात आला.’

मला तो क्षण जसाच्या तसा आठवला. सोमवारी तीनच्या सुमारास मी काउंटरवरून ओरडले होते, तीन ग्राहकांसमोर. “अगं, हाक मारायच्या नावाचा रकाना अख्खा रिकामा आहे! असं अर्धवट काम देतात का? भरून दे, लगेच.” माझ्या मनात होतं, आडनावाऐवजी प्रेमाने घ्यायचं नाव, काकू, आजोबा असं काहीतरी. पण त्या दुकानात नऊ वर्षं हाक म्हणजे एकच गोष्ट होती. तिला वाटलं, नव्या सॉफ्टवेअरला आतली खूण हवी आहे, पाकिटावरच्या चिठ्ठीसारखी. तासभर मान मोडून तिने वहीतून उतरवून दिली. मी ती फाईल उघडूनही बघितली नाही. सकाळच्या नमुन्यात तो रकाना रिकामा होता म्हणून ‘प्रिय’पुढे खरी नावं आली होती, आणि तो भरल्यावर हिरव्याने तिथे हाका घातल्या.

“सांगितलं होतं तसं करून दिलं.” तिने कर्ता घातला नव्हता. मी तर अहवालभर कुठेच घातला नव्हता. तपासण्यात आला, भरून घेण्यात आला, चढवण्यात आली. तीस वर्षं मी असं लिहीत आले, आणि त्या सगळ्या वाक्यांत मी कुठेच नव्हते. तिने मात्र मला वाचवायला कर्ता गाळला होता, आणि मी त्याचा अर्थ ढकलाढकली असा लावला होता. आणि वर तिला सांगितलं, मान्य करून टाक.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगते. पाच दहापासून सहापर्यंत मी खरं बोलायचं ठरवून बसले नव्हते. मी वाक्यं जुळवत होते. ‘हिरव्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे रकाना चुकीने जोडला गेला.’ किती छान. नोंदवाली सुटते, मी सुटते, दोष परदेशातल्या एका खिडकीवर. खोटंही नाही पूर्ण. माझी आणखी चार दुकानांची कामं हातात होती, आणि ही बातमी बाहेर गेली तर माझ्या तक्त्यांना कोणी विचारणार नव्हतं. मी ते वाक्य दोनदा कागदावर लिहिलं.

सहाला सगळे काउंटरमागे जमले. मालक, जावई, मास्तर, नोंदवाली. चालक दाराशी उभे होते. रुंद खांद्यांचा माणूस, पण पायरी चढताना त्यांनी आधी पायाने चाचपून बघितलं. ते मला दिसलं, आणि मास्तरांनाही दिसलं. मास्तरांनी कोणी विचारायच्या आधी आपलं सगळं सांगून टाकलं, सहीसकट.  मालक मटकन स्टुलावर बसले.

“ते तुमचं आपण नंतर बघू,” ते कसेबसे म्हणाले. “मॅडम, मेलचं सांगा. कोणी केलं?”

मी कागदावरचं वाक्य बघितलं. ‘जोडला गेला.’ परत तेच.

“मी केलं,” मी म्हणाले. “रकाना मी मागितला. तो काय आहे हे न बघता चढवला मी. मंजूर केला मी. सोमवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी, या खुर्चीत बसून.” मग वेळेचं गणित, कापड, निळ्याचा बाजूला ठेवलेला रकाना, सगळं ओळीने सांगितलं. एरवी उलगडा करताना मला मजा येते. त्या दिवशी प्रत्येक पायरीला आवाज खाली खाली जात होता.

मालकांना काय करावं ते कळेना. ज्याला घरी पाठवायचं तो त्यांच्या पगारावर नव्हताच. शेवटी ते भले माणूस, मलाच सांभाळायला गेले. “मॅडम, होतं असं. आपण ग्राहकांना ‘तांत्रिक अडचण’ म्हणून लिहू. तुमचं नाव कशाला?”

“नाही. ज्यांना मेल गेला त्या सगळ्यांना मी उद्यापासून फोन करते. माझं नाव घेऊन.” मी चालकांकडे वळले. “तुमची माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत.”

चालक दारातून एक पाऊल आत आले. मग म्हणाले, “बाई, मेल तुम्ही पाठवला. तक्ता मी पाठ केला. बसमध्ये रोज चाळीस मुलं असायची. परवा घरी बसलो तर पहिल्यांदा हात थरथरायचे थांबले.” मास्तरांकडे न बघता ते म्हणाले, “पण सगळ्यांसमोर वाचायला नको होतं हो. एवढंच.”

 ते गेले. मास्तर त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरले, आणि दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत गेलेले मी काचेतून बघितले.

७

माणसं पांगली. नोंदवाली वही आवरत होती. मालकांनी तिला “उद्या वेळेवर ये हं,” एवढंच म्हटलं होतं. माफी त्यांनी मागितली नव्हती. मीही अजून तिची मागितली नव्हती.

मी जवळ गेले. “तुला माहीत होतं ना? मीच सांगितलं होतं ते?”

“हो, ताई. तीन ग्राहकांसमोर ओरडला होतात. कसं विसरेन?”

“मग सकाळी बोलली का नाहीस? मी समोर बसून तुलाच उपदेश करत होते!”

तिने वही काउंटरखाली सरकवली. “तुम्ही एकेकाला विचारत होतात. मला वाटलं, शेवटी स्वतःलाही विचाराल. म्हणून थांबले. मी बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही ढकलतेय.”

वाटलंच होतं. मी मान खाली घातली.

“आणि मी नसतं विचारलं तर?”

“तर सहाला मी हो म्हणणार होते. तुमचंच ऐकून. निदान शेरा तरी वाईट मिळाला नसता.” तिने पर्स खांद्याला लावली आणि दिव्याचं बटण शोधलं. “दुपारी मुलीला फोन करून सांगूनही टाकलं होतं, की उद्यापासून आई घरी असणार.”

“काय म्हणाली?”

“खूश झाली, ताई. उड्या मारल्या तिने. आता घरी जाऊन तिला नाही म्हणून सांगायचंय.”

ती दिवा बंद करायला माझ्या बाहेर पडण्याची वाट बघत उभी राहिली. मी तिची माफी मागितली, पण तिच्याकडे बघून मागणं मला जमलं नाही.